किडनीचा निळा कोपरा

डॉक्टर मॅडमनी अण्णांना हिंदीत विचारलं, काही त्रास आहे का. अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "नाही जी. बरं हाय."

मॅडमच्या समोरच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन सव्वाआठ होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साठणारा एक टाकाऊ पदार्थ. किडन्या नीट काम करत असल्या तर त्या तो गाळून बाहेर टाकतात आणि हा आकडा एकच्या आसपास राहतो. मॅडमनी आकड्याभोवती गोल केला. अण्णांच्या पायावरची सूज अंगठ्यानं दाबून पाहिली. खड्डा पडला तो भरून येईना. मग त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं, की दोन्ही किडन्या जवळपास थांबल्या आहेत, आणि हे आजचं नाही, निदान दोन-तीन वर्षांपासून चाललेलं असणार.

मी अण्णांकडे पाहिलं. ते टेबलावर ठेवलेली प्लास्टिकची किडनी बघत होते. दुकानात विकत न घ्यायची वस्तू बघावी तशी, हात न लावता.

अण्णा म्हणजे माझे वडील. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात ते नगरपालिकेत वॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते काम त्यांचं. आमच्याकडं पाणी आलं नाही, आमच्याकडं बारीक धार आली, ही गाऱ्हाणी ऐकणं हे दुसरं काम. आमच्या ओट्यावर रोज कुणी ना कुणी तक्रार घेऊन बसलेलं असायचं. सगळ्या गावाच्या तक्रारी ऐकलेल्या या माणसानं स्वतःची तक्रार मात्र कधी केली नाही. मास्तर, साहेब, डॉक्टर, कुणीही खुर्चीत बसून विचारलं की उत्तर एकच, बरं हाय. ती त्यांची अदब होती. मोठ्या माणसाचा वेळ आपल्या दुखण्यानं खायचा नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. चेन्नईत सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. कंपनीच्या तपासणीत आईवडिलांनाही घेतात, म्हणून मी दोघांना बोलावलं होतं. तपासणी उरकली की टी. नगरला आईसाठी साडी घ्यायची आणि संध्याकाळी समुद्र दाखवायचा, असा बेत होता. समुद्र राहूनच गेला.

ज्यांच्या घरात असं "बरं हाय" म्हणणारं माणूस आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शिवाय प्रत्यारोपणाच्या वेळी आम्ही एका कॅमेऱ्याबद्दल शिकलो, ज्याबद्दल मराठीत वाचायला मला फारसं काही मिळालं नाही, म्हणूनही.

डायलिसिस सुरू झालं. मशीनमधून रक्त फिरवून गाळायचं आणि परत अंगात सोडायचं. अण्णांना ते सोसेना. मशीन सुरू झालं की त्यांचं ब्लडप्रेशर कोसळायचं, डोळे फिरायचे. सिस्टर तमिळमध्ये विचारायच्या, कसं वाटतंय, आणि हे हातानंच "बरं" अशी खूण करायचे. हात खाली येईपर्यंत शुद्ध हरपलेली असायची. असं तीनदा झाल्यावर मॅडमनी स्पष्ट सांगितलं, की यांना नवी किडनी लवकर मिळायला हवी, फार थांबता येणार नाही.

माझा रक्तगट जुळत होता आणि मी तयारही होते. आईचाही चालत होता. आई म्हणाली, "तुझं अजून सगळं व्हायचंय. आणि ह्यांच्या वाटणीचं बोलायचं काम तर मी लग्नापासून करतेच की. आता गाळायचंबी करते."

सगळ्या तपासण्यांतून आई पास झाली. कुणाच्या दबावाखाली तर देत नाही ना, हे विचारायला हॉस्पिटलची एक समिती बसते. तिथे आईला विचारलं, नवऱ्यानं जोर केला का. आई म्हणाली, "ह्यांनी? ह्यांनी कधी चहासुद्धा मागितला नाही." मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा समितीतले एक गृहस्थ चष्मा काढून हसले.

या सगळ्यात आमच्या घरमालकीण सरोजाबाईंचा फार आधार झाला. त्या मूळच्या तंजावरच्या मराठी घरातल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. आईला पहिल्या दिवशी वाटलं कीर्तनच चाललंय. नंतर दोघींचं इतकं जमलं की मी ऑफिसातून यायच्या आत त्या भाजीवरून भांडून मोकळ्या झालेल्या असायच्या. अण्णांची मात्र एक गंमत व्हायची. इथे रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला, कुणालाही अण्णा म्हणतात. मी रिक्षा थांबवली की आमचे अण्णा मागे वळून बघायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोघांना दाखल केलं. शेजारी शेजारी पलंग मिळाले. दुपारी सर्जन आले आणि त्यांनी ऑपरेशन समजावलं. अण्णांच्या जुन्या किडन्या तशाच राहणार होत्या. आईची डावी किडनी काढून अण्णांच्या पोटात उजव्या बाजूला खाली बसवायची, तिची रोहिणी, म्हणजे रक्त आणणारी नळी, आणि नीला, म्हणजे रक्त परत नेणारी, तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडायची, मग रक्त अडवून धरणारे चिमटे सोडायचे. चिमटे सुटले की फिकट पडलेली किडनी गुलाबी होते आणि बऱ्याचदा तिथेच लघवी तयार करायला लागते.

अण्णांनी मला हळूच विचारलं, "वॉल्व्ह कोण सोडणार? हेच का?" मी सर्जनना सांगितलं. ते म्हणाले, हो, मीच, आणि मीही दर वेळी श्वास रोखून धरतो.

पुढे त्यांनी कॅमेऱ्याचं सांगितलं. जोडलेल्या किडनीला सगळीकडे रक्त पोचलं की नाही हे इतकी वर्षं रंग बघून आणि बोट लावून ठरवत आलो, पण आता त्यासाठी कॅमेरेही आले आहेत, म्हणाले. त्यांच्याकडे दोन प्रकारचे होते. पहिल्यात शिरेतून एक हिरवं औषध देतात, इंडोसायनिन ग्रीन. ते रक्ताबरोबर किडनीत जातं आणि इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात चमकतं. जिथे चमकलं तिथे रक्त पोचलं. दुसरा कॅमेरा हायपरस्पेक्ट्रल. त्याला औषध लागत नाही. आपला डोळा प्रकाश तीनच ढोबळ रंगांत मोजतो, हा कॅमेरा प्रकाशाचे शेकडो बारीक पट्टे वेगवेगळे मोजतो आणि त्यावरून कुठल्या जागी किती ऑक्सिजन आहे याचा नकाशा काढतो. नेहमी ते हिरवं औषधच वापरत होते. दुसऱ्याचा अभ्यास सुरू होता.

मला हे ऐकून भीतीच्या जागी पहिल्यांदा उत्सुकता वाटली. मी पुष्कळ प्रश्न विचारले. सर्जननी घाई केली नाही.

नंतर भूल देणाऱ्या तरुण डॉक्टर आल्या. कशाची ॲलर्जी? औषध, मासे, अंडं, एक्स-रेच्या वेळी दिलेलं एखादं इंजेक्शन? मी एकेक विचारत गेले. अण्णा प्रत्येकाला मान हलवत गेले. शेवटी म्हणाले, "काही नाही. बरं हाय सगळं." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

संध्याकाळी मी त्या दोघांना न दिसणारा प्रकाश दाखवायचं ठरवलं. खोलीतल्या एसीचा रिमोट घेतला, त्याचं टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मोबाइलच्या पडद्यावर मात्र रिमोटच्या टोकाला जांभळट पांढरा ठिपका लुकलुकत होता. ज्याला घरी करून बघायचंय त्यानं जरूर बघावं. अण्णांनी रिमोट माझ्याकडून घेतला आणि स्वतः दाबून पाहिला. मग पडद्याऐवजी थेट रिमोटकडे बघत दाबला, मग पुन्हा पडद्याकडे. मग बोटाला लावलेली ऑक्सिजनची चिमटी दाखवून म्हणाले, "ह्याच्यातबी उजेडच हाय की." मी म्हटलं, हो, रक्तात ऑक्सिजन असला नसला की त्यात प्रकाश वेगवेगळा मुरतो, त्यावरूनच ती आकडा सांगते. उद्याचा दुसरा कॅमेरा तसाच, फक्त बोटाऐवजी सगळी किडनी एकदम बघणारा.

"आणि पहिला?" आईनं विचारलं.

"त्याला शिरेतून औषध देतात."

आई पलंगावर बसून केसांची वेणी सोडत होती. ती थांबली. "म्हणजे त्या खड्याच्या फोटोच्या वेळी दिलं होतं तसं?"

अण्णा एकदम म्हणाले, "कशाला सांगायलीस आता?"

मी हॉस्टेलला होते तेव्हा अण्णांना मूतखडा झाला होता, एवढं मला ठाऊक होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी शिरेतून औषध देऊन एक्स-रे काढला, हेही. त्या औषधानं अण्णांच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला आणि रात्रभर तिथे ठेवून घ्यावं लागलं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढे कुठेही गेलात तर हे आधी सांगा. अण्णांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं आणि आईलाही सांगू दिलं नव्हतं.

"ऑपरेशन रद्द करतील," अण्णा म्हणाले. "हिच्या इतक्या तपासण्या झाल्या. तुझी रजा. एवढ्या डॉक्टरांचं उद्याचं काम. सगळ्यांचं माझ्यापायी आडायचं का?"

काय करावं, मला खरंच कळेना. सांगितलं आणि ऑपरेशन पुढे गेलं, तर पुन्हा ते डायलिसिस, आणि ते त्यांना किती दिवस झेपेल याची खात्री मॅडमनाही नव्हती. न सांगावं, तर उद्या भुलीत असताना तसंच काही झालं की ब्लडप्रेशर कोसळणार, आणि नुकत्याच जोडलेल्या किडनीला त्याच क्षणी रक्ताची सगळ्यात जास्त गरज असणार. आईची किडनीही जायची आणि अण्णाही. मी उठले. मागून अण्णा म्हणाले, "बाई, राहू दे ना." मी सिस्टरकडे जाऊन सांगितलं.

थोड्या वेळानं सर्जन स्वतः आले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी स्टूल ओढलं, अण्णांच्या समोर बसले आणि मोडक्या हिंदीत विचारलं, तेव्हा नेमकं काय झालं होतं.

अण्णा म्हणाले, "थोडीशी अंगाला खाज सुटली होती."

सर्जन काही बोलले नाहीत. उठलेही नाहीत. नुसते बघत बसले. अण्णांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आधी तळहात खाजायला लागले, असं त्यांनी सांगितलं. मग कान. मग घसा आतून मिटत आल्यासारखा झाला. "आवाज निघंना. मला वाटलं, संपलं आता," ते म्हणाले.

आई म्हणाली, "हे मला नव्हतं सांगितलं."

"तू घाबरली असतीस."

"मग आता काय नाचायलेय मी?"

सर्जनना मराठी कळत नव्हती, पण एवढं त्यांना कळलं असावं. ते हसले. मग मला नीट समजावलं. हिरव्या औषधात थोडं आयोडिन असतं. तेव्हाचं औषध आणि हे एकच नाही, आणि तेव्हाचा त्रास आयोडिनमुळेच झाला असंही नाही. पण दुसरा मार्ग असताना हा धोका घ्यायचं कारण नाही. भुलीच्या डॉक्टरांना ते स्वतः सांगतील, हिरवं औषध देणार नाहीत, बिनऔषधाचा कॅमेरा वापरतील. ऑपरेशन उद्याच होईल.

जाताना त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मला हे आज कळलं ते बरं झालं. उद्या तुम्ही बोलू शकणार नाही."

सकाळी आधी आईला नेलं, नंतर अण्णांना. वेटिंग हॉलमध्ये एक मोठा पडदा आहे. त्यावर प्रत्येक पेशंटच्या ओळीसमोर तो कुठे आहे ते येतं. सरोजाबाई डब्यात दहीभात घेऊन आल्या होत्या आणि मी खाते की नाही यावर त्यांचं पडद्यापेक्षा जास्त लक्ष होतं. आईची ओळ बदलली, रिकव्हरी. मला रडू आलं. अण्णांची ओळ मात्र तशीच राहिली. आमच्यानंतर आलेल्या लोकांच्या ओळी बदलल्या, माणसं उठून गेली, त्यांच्या जागी नवी येऊन बसली. सांगितलेली वेळ टळून गेली. सरोजाबाई तमिळमध्ये पुटपुटत होत्या. प्रार्थना असावी, मी विचारलं नाही.

शेवटी अण्णांच्या नावाचा पुकारा होऊन अटेंडरला, म्हणजे मला बोलावलं. सर्जन दारात टोपी काढून उभे होते. म्हणाले, दोघंही ठीक आहेत, आणि नंतर उशीर का झाला ते सांगितलं.

जोडणी झाली, चिमटे सोडले, किडनी गुलाबी झाली. लघवीही आली. डोळ्यांना सगळं चांगलं दिसत होतं. मग फोटोसाठी थिएटरमधले मोठे दिवे काही क्षण बंद केले, कारण त्या कॅमेऱ्याला दुसरा उजेड चालत नाही. सगळे हात बाजूला घेऊन उभे राहिले. फोटो आला, तर किडनीचा खालचा कोपरा आणि तिथून निघणाऱ्या मूत्रनलिकेचा वरचा भाग निळा होता. निळा म्हणजे ऑक्सिजन कमी. त्यांनी पुन्हा काढला. पुन्हा तसाच.

तेव्हा त्यांनी तो कोपरा नीट तपासला. आईच्या किडनीला मुख्य रोहिणीशिवाय खालून एक अगदी बारीक रोहिणी होती. आधीच्या स्कॅनमध्ये ती उठून दिसली नव्हती आणि किडनी काढताना इतकी बारीक वाटली की तिच्यावाचून चालेल असं ठरलं होतं. मूत्रनलिकेच्या वरच्या भागाला रक्त तिच्यातूनच येत होतं. सर्जननी अण्णांच्या पोटाच्या भिंतीतली एक लहान रोहिणी आणून तिला जोडली. वेळ त्यात गेला. नंतर पुन्हा दिवे बंद, पुन्हा फोटो.

"आता?" मी विचारलं.

"आता तो कोपरा बाकीच्या किडनीसारखा आहे," ते म्हणाले.

काही दिवसांनी त्यांनी मला ते दोन फोटो दाखवले. पहिल्यात लाल-पिवळ्या किडनीच्या खालच्या टोकाला शाई सांडल्यासारखा डाग. दुसऱ्यात तिथे नारिंगी. हे रंग खरे नव्हेत, मोजमापावरून संगणकानं भरलेले आहेत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. कॅमेऱ्यानं फक्त शंका काढली, निर्णय माणसांनाच घ्यावा लागला, हेही सांगितलं. मी विचारलं, ती रोहिणी जोडली नसती तर? ते म्हणाले, कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित काही दिवसांनी नलिका गळायला लागली असती. त्यातलं कुठलं, हे मलाही कधीच कळणार नाही, असं ते म्हणाले. मला त्यांचं हे सांगणं फार आवडलं. माझ्या कामातही चूक आधी सापडली की ती किती मोठी ठरली असती हे कुणाला कळत नाही.

फोटो मी अण्णांना मोबाइलवर दाखवले. तोपर्यंत ते उशीला टेकून बसत होते. आई पलीकडच्या खुर्चीत पोटाला उशी धरून बसली होती. अण्णांनी डागावर बोट ठेवलं.

"शेवटच्या गल्लीला पाणी नव्हतं, म्हणा की."

"किडनी माझी चांगलीच होती," आई म्हणाली. "तुमच्याकडं आल्यावर रुसली."

अण्णा हसले आणि टाके दुखले म्हणून थांबले. मग फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. म्हणाले, "पण गल्लीतलं कुणीतरी येऊन सांगायचं, तवा आम्हाला कळायचं. हितं तक्रार कुणी केली?"

मी म्हटलं, "कुणीच नाही. ती गुलाबीच दिसत होती. फोटो काढला म्हणून कळलं."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि खिडकीकडे तोंड केलं.

प्रत्यारोपणानंतर रोज गोळ्या असतात, कारण शरीर नव्या किडनीला परकी समजून हल्ला करू शकतं. त्या गोळ्यांनी अंगाची रोगाशी लढण्याची ताकद कमी होते, म्हणून लहान दुखणंही लहान राहत नाही. पहिले काही महिने सारखं दाखवायला जावं लागतं. अशाच एका फेरीला मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, काही त्रास?

अण्णा म्हणाले, "बरं..." आणि थांबले. आई तोंड उघडणार होती, मी तिचा हात दाबला.

"लघवीला जळजळ होते," अण्णा म्हणाले. "कालपासून. आणि टाक्यांच्या वरच्या बाजूला जरा जड वाटतंय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि ऐकलं. त्याच दिवशी तपासणी झाली. जंतुसंसर्ग होता, नुकता सुरू झालेला. गोळ्यांनी आटोक्यात आला. आठवडाभर अंगावर काढला असता तर किडनीपर्यंत गेला असता, मॅडम म्हणाल्या. बाहेर आल्यावर आई सरोजाबाईंना फोनवर सांगत होती, की आता ह्यांना गप्प कसं करायचं तेही डॉक्टरांना विचारून घ्यायला पाहिजे होतं.

ते दोघं गावी परत जाण्याआधी मी त्यांना समुद्र दाखवला. आईला टी. नगरची साडीही झाली.

तासातासाला लघवी मोजणाऱ्या सिस्टरांची नावं मला पूर्ण ठाऊक नाहीत. सर्जननी पुढे कितीतरी किडन्या जोडल्या असतील. मी रोज झोपताना त्यांची आठवण काढते. डबा घेऊन दिवसभर बसून राहिलेल्या सरोजाबाईंची काढते. आणि आई. तिचे आभार मानायला गेलं तर ती म्हणते, चहा टाक.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना माझं एवढंच सांगणं. दाखल होताना विचारतील ते सगळं सांगा, वीस वर्षांपूर्वीचं, क्षुल्लक वाटणारं, लाजिरवाणं वाटणारं, सगळं. आणि घरातलं माणूस "बरं आहे" म्हणालं की लगेच पुढच्या विषयावर जाऊ नका.

परवा मी गावी फोन केला. विचारलं, "कसं आहे अण्णा?"

"बरं हाय."

मी काही बोलले नाही. सर्जन स्टुलावर बसून थांबले होते, तशी थांबले. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

"सकाळच्या गोळीनंतर हात थरथरतात जरा," अण्णा म्हणाले. "कप धरताना. मॅडमना विचारशील का?"

मी म्हटलं, "विचारते."

मागून आईचा आवाज आला, "आणि झोपेचंबी सांगा की."